कोडं एकीने सोडवलं, डबा दुसऱ्याने उघडला, मग नाव कोणाचं? (जिओकॅशिंगवाल्यांसाठी)

उनाड_मांजर

नमस्कार मंडळी. विषय पोरकट वाटेल पण आठवडाभर डोक्यात भुणभुण चालू आहे, नवऱ्याला सांगून झालं, तो म्हणतो "डब्यावरून भांडताय?", म्हणून इथे लिहितेय, इथे निदान तिघंचौघं तरी या वेडातले आहेत हे माहितीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोणीतरी कुठेतरी डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश साईटवर टाकतं, आपण फोन नाहीतर जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या कागदावर आपलं टोपणनाव लिहायचं, डबा होता तसा परत ठेवायचा आणि घरी येऊन साईटवर 'सापडला' अशी नोंद करायची. (कॅश म्हटलं की सगळ्यांना पैसे आठवतात म्हणून मी डबाच म्हणते, इथे जर्मन लोक पण डबाच म्हणतात.) यात मिस्ट्री नावाचा प्रकार असतो, नकाशावर निळं प्रश्नचिन्ह दिसतं. तिथे दिलेले कोऑर्डिनेट्स खोटे, खरी जागा तिथून साधारण ३ किलोमीटरच्या आत कुठेतरी, आणि ती कोडं सोडवल्याशिवाय कळत नाही. म्हणजे कामं दोन, आधी घरात बसून डोकं चालवायचं आणि मग बाहेर जाऊन पाय. भांडण इथेच आहे.

तर झालं असं. आम्ही म्युनिकला राहतो. बुधवारी संध्याकाळी आमच्या भागात नवीन मिस्ट्री आला. पानावर मजकूर जवळजवळ नाहीच, फक्त एक फोटो, रंगीत मण्यांची माळ टेबलावर गुंता करून टाकलेली. (ओनरला, म्हणजे डबा लपवणाऱ्याला, मेसेज करून विचारलंय, हे कोडं माझ्या भाषेत चारचौघांत सांगितलं तर चालेल का, तो म्हणाला खुशाल सांग, त्यामुळे स्पॉयलर स्पॉयलर ओरडू नका. डब्याचं नाव आणि आकडे तरीही देत नाहीये.) मणी आठ. आठ मणी म्हणजे आठ आकडे हे लगेच कळतं, कारण आमच्या भागात सुरुवातीचे आकडे ठरलेलेच असतात, उत्तरेचे शेवटचे चार आणि पूर्वेचे शेवटचे चार एवढेच काय ते शोधायचे. प्रश्न होता क्रमाचा. दोऱ्याच्या एका टोकाला गाठ होती म्हणजे सुरुवात तिथून, पण मधे तो दोरा स्वतःच्याच वरून खालून इतक्यांदा गेलाय की डोळे फिरतात. मी मोठी प्रिंट काढली आणि बॉलपेनने दोरा गिरवत बसले. बुध, गुरू, शुक्र, शनी, चार संध्याकाळी. एका ठिकाणी दोरा मण्याच्या मागून येतो की सावली आहे एवढं ठरवायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

मी इलेक्ट्रॉनिक्सची. रंग दिसले की हात आपोआप रेझिस्टरच्या कलर कोडकडे जातो (त्या छोट्या पार्टवर रंगीत पट्टे असतात, प्रत्येक रंग म्हणजे एक आकडा), तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६. आकडे घातले, चेकरमध्ये (उत्तर बरोबर की चूक ते सांगणारं पान) टाकले, लाल फुली. नकाशावर बघितलं तर जागा हेलाब्रुन झूच्या कुंपणाच्या आत! म्हटलं क्रम चुकला असणार, परत दोरा गिरवला, परत झू.

रविवारी रात्री मैत्रिणीकडे पावभाजीला गेलो होतो. मैत्रीण, तिचा नवरा, आणि त्यांची अकरा वर्षांची लेक, तिला इथे चिमी म्हणते. हे सगळे पण डबेवाले, म्हणजे मीच त्यांना नादी लावलं. प्रिंट मी तिथे पण घेऊन गेले होते (हो, माहितीये). तर चिमी पाव खाता खाता कागदाकडे बघून म्हणते, "मावशी, यू-बानचे रंग कशाला काढलेस?"

म्युनिकच्या यू-बानमध्ये (म्हणजे इथली मेट्रो, प्रत्येक लाईनला नंबर आणि रंग) यू १ हिरवी, यू २ लाल, यू ३ नारिंगी, यू ५ तपकिरी, यू ६ निळी. आता गंमत बघा. लाल, नारिंगी आणि निळा, या तिघांचे आकडे रेझिस्टरमध्ये पण तेच! फक्त हिरवा आणि तपकिरी यांची अदलाबदल, इकडे १ आणि ५, तिकडे ५ आणि १. म्हणून तर माझी जागा इतकी खरी वाटत होती, चूक होती जेमतेम ८०० मीटरची. आठ मण्यांत रेझिस्टरवाले काळा, पिवळा, जांभळा, पांढरा एकही नाही हे मला पहिल्या दिवशीच खटकायला हवं होतं. पोर रोज शाळेला यू-बानने जाते, तिला दुसरं काही दिसलंच नाही.

तिथल्या तिथे फोनवर टाकलं, हिरवी खूण. आरडाओरडा, चिमीला डोक्यावर घेतलं, तोवर कोणीच तो डबा शोधलेला नव्हता म्हणजे एफटीएफ मोकळा (एफटीएफ म्हणजे डबा सगळ्यात पहिल्यांदा शोधणारा, या खेळातला मानाचा नारळ). पण साडेनऊ वाजले होते, पाऊस, दुसऱ्या दिवशी शाळा. मी म्हटलं उद्या संध्याकाळी सगळे मिळून जाऊ, सगळे हो म्हणाले.

सोमवारी सकाळी फोन बघते तर नोंद आलेली. मैत्रिणीचा नवरा, रात्री ११:४० ला, सायकलवरून, डोक्याला टॉर्च बांधून. नोंद अशी: "छान कोडं, मजा आली, पावसात एफटीएफ! डबा मस्त, धन्यवाद." बास. ना माझं नाव ना चिमीचं. ओनरने पण पानावर त्याच्या एकट्याचं अभिनंदन केलंय.

मला विचारायचंय ते हे की अशा वेळी रीत काय आहे? सोडवणाऱ्याचं नाव नोंदीत घ्यायचं असतं की ते नुसतं चांगुलपणावर असतं? एफटीएफ वाटून घेता येतो का? आणि मी त्याला काही बोलू की सोडून देऊ, कारण मैत्रिणीशी संबंध बिघडवायचे नाहीत. मी अजून त्या डब्यापाशी गेलेच नाहीये, खरं सांगायचं तर रुसून.

---

पेटलिंगकाका

मांजरताई, मी श्टुटगार्टजवळ, चौदा वर्षं या धंद्यात आहे, केस डबे शोधता शोधता पिकले. तुमचा प्रश्न नवा नाही, आमच्या इथे स्टामटिशला (दर महिन्याला बिअर प्यायला जमतो ते) हा विषय निघाला की दोन तास कुठे गेले कळत नाही.

आधी नियम काय तो सांगतो. नियम फक्त एवढाच की डब्यातल्या कागदावर नाव असेल तर 'सापडला' लावता येतो. कोडं कोणी सोडवलं याच्याशी साईटला घेणंदेणं नाही. पूर्वी ओनर लोक अटी घालायचे, फोटो पाठवा, कविता लिहा, कसं सोडवलं ते सिद्ध करा, ते २००९ मध्ये बंद केलं. (चॅलेंज डबे वेगळे, त्यात मी शिरत नाही.) त्यामुळे मित्राने आकडे दिले आणि तुम्ही जाऊन सही केली तर ओनर चरफडेल पण नोंद उडवू शकत नाही. उलट तुम्ही चार संध्याकाळी डोळे फोडलेत आणि डब्यापाशी गेला नाहीत तर तुमच्या खात्यात शून्य. नियमाने बघितलं तर मैत्रिणीच्या नवऱ्याचं काही चुकलेलं नाही.

आता रीत. मी माझीच लाज सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण दोन गाड्या करून एका जिओआर्टवर गेलो. जिओआर्ट म्हणजे मिस्ट्री डब्यांची खोटी ठिकाणं नकाशावर अशी मांडतात की फुलपाखरू, बदक असलं चित्र दिसतं. आमचं होतं बदक. बासष्ट डबे, बासष्ट कोडी. मी सोडवली होती सात, बाकीच्यांनी आपापली, सगळ्यांची उत्तरं एका फाईलमध्ये ओतली आणि दिवसभर गाडीतून उतर, पेटलिंग उघड, सही कर, बंद कर, पळ. (पेटलिंग म्हणजे प्लास्टिकची बाटली फुगवण्याआधी जी जाड नळी असते ती, बुचासकट. इथे अर्धे डबे तेच असतात, माझं नाव त्यावरूनच.) रात्री घरी येऊन बासष्टच्या बासष्ट नोंदींना एकच मजकूर चिकटवला.

आठ दिवसांनी एका ओनरचा मेसेज, म्हातारा माणूस, निवृत्त शिक्षक. एवढंच विचारलं होतं, तुम्हाला माझं घंटांचं कोडं कसं वाटलं? आणि मला आठवेना की घंटांचं कोडं म्हणजे कुठलं. मी ते पाहिलंच नव्हतं! पान उघडून बघितलं तर गावातल्या चर्चच्या घंटा कोणत्या वेळी किती ठोके देतात त्यावरून आकडे, आणि त्याने स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज पानावर जोडलेला. मी त्याला काय उत्तर दिलं ते सांगत नाही, खोटं होतं.

तेव्हापासून मी नोंदीत लिहितो. "डोकं अमक्याचं, पाय माझे." जर्मनीत याला टेलिफोनयोकर म्हणतात, फोन करून मदत घेतली तर नोंदीत त्याचे आभार मानतातच, न मानणारा भेटला तर लोक तोंडावर बोलत नाहीत पण लक्षात ठेवतात. तर नियमाने तो बरोबर, रीतीने चुकला. सरळ फोन करा आणि सांगा, नोंद नंतर सुधारता येते, दोन मिनिटांचं काम आहे.

---

रात्रीचा_टॉर्च

मी त्या नवऱ्याची बाजू घेणार आहे, दगड मारू नका. मी लंडनच्या बाहेर राहतो आणि मलाही हा एफटीएफचा रोग आहे. पैसे भरून मेंबर झालं की नवीन डबा आल्याबरोबर मेल येतो, आणि एकदा मेल आला की जेवणात लक्ष लागत नाही, बायको म्हणते सिगरेट परवडली. पायजम्यावर रेनकोट घालून गेलोय मी, आणि तिथे आधीच दुसरा एक टॉर्च झुडपात हलताना दिसला की जे होतं ते तुम्हाला नाही कळणार.

"उद्या संध्याकाळी सगळे जाऊ" हे वाक्य एफटीएफवाल्याला सांगणं म्हणजे मांजरीला (सॉरी) दूध राखायला ठेवणं. चार दिवस कोणी सोडवलं नव्हतं म्हणजे पाचव्या दिवशी पण सोडवणार नाही असं थोडंच आहे? तो गेला नसता आणि सोमवारी सकाळी कामावर जाता जाता कोणीतरी तिसऱ्यानेच सही केली असती तर तुम्ही तिघंही हात चोळत बसला असतात. त्याने तो तुमच्या सगळ्यांसाठी वाचवला असंही म्हणता येईल.

आता 'म्हणता येईल' म्हणतोय कारण मग नोंदीत तसं लिहायला नको होतं का, तिथे त्याची बाजू मलाही घेता येत नाही. आमच्याकडे दोघं एकाच वेळी डब्यापाशी पोचले तर दोघं सह्या करतात आणि दोघं एफटीएफ लिहितात, आपण आधी हात लावला म्हणून कोणी भांडत नाही. मी एकदा एका बाईंना झाडाखाली वीस मिनिटं शोधताना पाहिलं आणि मला डबा आल्या आल्या दिसला, तर मी गप्प उभा राहिलो, त्यांना सापडू दिला. (फुशारकी नाही, त्यांच्याकडे कुत्रा होता.)

---

दीडशहाणा

सगळं वाचलं. एक शंका. ताई, तुमचं नाव आलं नाही म्हणून तुम्ही रुसलात, ठीक. पण या कोड्यात किल्ली सापडली ती पोरीला. तुमच्याकडे चार दिवस चुकीचं उत्तर होतं आणि तुम्ही तेच परत परत गिरवत होतात. तिने घास गिळेपर्यंत सोडवलं. अख्ख्या पोस्टमध्ये तुम्ही "मला काय वाटतं" लिहिलंय, "त्याने काय केलं" लिहिलंय, चिमीला काय वाटतं ते कुठेय? विचारलंत का तिला?

---

उनाड_मांजर

@दीडशहाणा, नाही विचारलं. लागलं जरा, पण बरोबर आहे.

एवढं मात्र म्हणेन की क्रम माझा बरोबर होता. तिने रंग ओळखले, पण ते कुठल्या क्रमाने लावायचे हे त्या गुंत्यातून मीच काढलेलं होतं, नुसते यू-बानचे रंग कळून आठ आकड्यांचं काही झालं नसतं. हे स्वतःची बाजू मांडायला लिहितेय हे मलाही कळतंय.

@पेटलिंगकाका, घंटांचं वाचून पोटात तुटलं. त्या आजोबांना काय लिहिलंत?

---

पेटलिंगकाका

लिहिलं की फार सुंदर होतं, विशेषतः शेवट. शेवट होता की नाही देव जाणे.

---

कोथरूडकर_७८

मी जिओकॅशिंगवाला नाही, म्हणजे कंपनीने बाहेर पाठवलं तेव्हा चारपाच डबे शोधलेत, इथे पुण्यात फार काही नाहीत आणि पुलाखाली वाकून प्लास्टिकचा डबा बाहेर काढणारा माणूस दिसला तर आपल्याकडे काय होईल ते सांगायला नको. पण हा धागा वाचून आमच्या आजीची आठवण झाली म्हणून लिहितो.

आमच्याकडे रविवारच्या पेपरात शब्दकोडं यायचं. आजी सातवी शिकलेली, पण शब्दकोडं म्हणजे तिचा प्रांत. सकाळी पूजा झाली की चष्मा लावून ओट्याशीच उभी राहून सोडवायची, एकीकडे आमटीला फोडणी. आडवे शब्द आधी, उभे नंतर, शिसपेन्सिलने. मग आजोबा जेवण झाल्यावर आरामखुर्चीत बसून तेच कोडं पेनने पोस्टकार्डावर उतरवायचे, खाली स्वतःचं नाव, पत्ता, आणि संध्याकाळी फिरायला जाताना पेटीत टाकायचे. बक्षीस पन्नास रुपये. तीनदा लागलं, तिन्ही वेळा पेपरात आजोबांचं नाव छापून आलं, शेजारपाजारचे त्यांना "काय अप्पा, डोकं चालतंय हां" म्हणायचे आणि अप्पा हसायचे. आजोबांचं म्हणणं काय, कार्ड माझं, तिकीट माझं, पेटीपर्यंत चालत मी जातो. तंतोतंत तुमच्या टॉर्चवाल्यासारखं!

चौथ्यांदा आजीने काय केलं, एक उभा शब्द मुद्दाम चुकीचा लिहिला. आजोबांनी तसाच उतरवला. पुढच्या रविवारी उत्तर छापून आलं तेव्हा आजी म्हणाली, "तुमचं चुकलं वाटतं." त्यानंतर कार्डावर दोघांची नावं जायला लागली. आजीचं आधी.

---

रात्रीचा_टॉर्च

आजी ग्रेट आहेत. ताई, पुढच्या वेळी रेझिस्टरवालं उत्तर द्या त्याला. जाऊ दे रात्री झूच्या कुंपणापाशी.

---

निळं_प्रश्नचिन्ह

उशिरा आले. मी सिॲटलला असते, म्हणजे जिथे या खेळाचं ऑफिस आहे त्याच गावात, आणि माझे स्वतःचे नऊ मिस्ट्री आहेत, त्यामुळे डबा लपवणारीच्या बाजूने लिहिते, ती बाजू अजून कोणी मांडली नाही.

आधी एफटीएफबद्दल. साईटवर एफटीएफ नावाचा रकानाच नाही. ते बिरुद लोकांनी लोकांना दिलेलं आहे. आकडेवारी काढणारी एक बाहेरची साईट आहे, नोंदीत कंसात एफटीएफ लिहिलं की ती मोजते, तिघांनी लिहिलं तर तिघांचे मोजते, विचारायला कोणी येत नाही. त्यामुळे 'वाटून घेता येतो का' याचं उत्तर, वाटायला तो लाडू नाहीये, कोणाचा कमी होत नाही. मात्र कागदावर सही नसताना फक्त सोडवलं म्हणून 'सापडला' लावू नका, ते खरंच चूक आहे आणि ते ओनर उडवू शकतो. डोकं चालवल्याचा मान नोंदीच्या मजकुरात, डबा सापडल्याची खूण मात्र पायांची, मी तरी हे असं वेगळं धरते.

पहिल्या डब्याला ही भानगड नव्हती. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, त्याआधी साधारण शंभर मीटर इकडेतिकडे दाखवायचं. लगेच ३ मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली पुरली आणि कोऑर्डिनेट्स इंटरनेटवर जाहीर टाकले. कोडं नाही, काही नाही, जो जाईल त्याचं नाव वहीत. पहिला पोचला माईक टीग, आणि त्याने नुसतं नाव लिहून सोडलं नाही, पुढे बाकीचे लोक जिथे जिथे डबे पुरायला लागले त्यांची यादी स्वतःच्या वेबपेजवर ठेवायला लागला. मी ती जागा बघून आलेय, रस्त्याकडेला एक फरशी बसवलीये. डोकं आणि पाय यांची फारकत मिस्ट्री आले तेव्हापासूनची.

आता ओनरला काय वाटतं. मी एक कोडं बनवायला कधी कधी दोन महिने घालवते. बदल्यात पैसे नाहीत, काही नाही, मिळते ती नोंद. रात्री झोपताना मी नोंदी वाचते. "आकडे मित्राकडून मिळाले, धन्यवाद" अशी नोंद आली की वाईट वाटतं, पण निदान ती खरी असते. सगळ्यात जास्त त्रास होतो तो "छान कोडं, मजा आली" याचा, जेव्हा मला चेकरवरून दिसतंय की गेल्या महिन्यात बरोबर उत्तर एकानेच टाकलंय आणि डब्यात सह्या अकरा आहेत. म्हणजे आकडे गावभर फिरतायत. साईटच्या अटींमध्ये स्पष्ट आहे की ओनरच्या परवानगीशिवाय उत्तर किंवा खरी जागा कुठेही जाहीर करायची नाही. मांजरताईंनी विचारून लिहिलं ते पाहून खरंच बरं वाटलं.

म्हणून तुमच्या भांडणापेक्षा मला काळजी वेगळीच आहे. मैत्रिणीच्या नवऱ्याने ते आकडे पुढे कोणाला दिलेत का ते बघा. आपण तिघं एका टेबलावर बसून सोडवलं, तिघांनी वापरलं, ते एक वेळ ओनरला चालतं. पण तिथून पुढे कोणाला द्यायचे तर तिघांना विचारून. माझा एक डबा असाच मेला, आकडे एका ग्रुपवर गेले, आठवड्यात पन्नास माणसं, झुडुपाजवळ पायवाट पडली आणि ती पायवाट बघून शेजारच्याने तक्रार केली.

आणि ओनरला एक मेसेज करा. तक्रार म्हणून नको, फक्त सांगा की किल्ली अकरा वर्षांच्या मुलीला पावभाजी खाताना दिसली. मला कोणी असं सांगितलं असतं ना, तर मी पानाच्या वरच ठेवलं असतं.

---

दीडशहाणा

पावभाजीला जर्मनमध्ये काय म्हणणार?

---

उनाड_मांजर

"पावभाजी" च लिहिलं. मेसेज पाठवला. आकडे पुढे गेलेले नाहीत, मैत्रिणीला विचारलं.

---

उनाड_मांजर

अपडेट द्यायचा राहिला होता.

मैत्रिणीच्या नवऱ्याला फोन करायच्या आधीच त्याचा आला. ओनरने मेसेज वाचून पानावर चिमीचं टोपणनाव टाकलं, शाबासकी दिली, ते याने पाहिलं आणि मग याला उमगलं. खूप ओशाळला होता. म्हणे रात्री भिजून आलो, थंडीने बोटं वाकत नव्हती, दोन ओळी टाकून झोपलो, आणि वर मला म्हणतो, "पण अगं मी कागदावर लिहिलंय की तुमचं!" मला वाटलं सारवासारव करतोय. नोंद मात्र त्याने बदलली, आता बरीच लांब आहे, त्यात माझी प्रिंट आहे, बॉलपेन आहे, झू पण आहे. एफटीएफ काढून टाकू का विचारत होता, म्हटलं राहू दे, पावसात गेलास.

मग शनिवारी मी आणि चिमी दोघीच गेलो. तिला विचारलं एकदाचं, तुला राग आला होता का बाबाचा. तर म्हणे, नाव नाही लिहिलं त्याचा नाही आला, मला न उठवता गेला त्याचा आला. हे आपल्याला एवढ्या पोस्टमध्ये एकालाही सुचलं नाही.

जागा सांगत नाही, इसार नदीच्या काठाने चालत जावं लागतं एवढंच. चिमीला दिसला आधी. पेटलिंगच होता, काका, बुचाला चुंबक चिकटवलेलं. आत कागदाची गुंडाळी, ती सोडवायला नखं लागतात. पहिल्या ओळीवर तारीख, वेळ २३:४०, त्याचं टोपणनाव, आणि त्याच्यापुढे पावसाने जरा फुटलेलं: "+२".

हेच ते 'तुमचं लिहिलंय'.

मी काही बोलणार तेवढ्यात चिमीने कागद हातातून घेतला, नाकाला लावून वाचला आणि विचारलं, "मावशी, आपण दोघी हे +२ आहोत ना? मग यात पहिली कोण, तू का मी?"

म्हटलं, क्रम लावायचं काम माझंच, पण चार संध्याकाळी लागतात.